पाहिलं की ऐकलं

मंदामावशीच्या वहीत चार रकाने आखलेले असतात: माहिती, सांगणारा, पाहिलं की ऐकलं, आणि पडताळणी. दूधवाला म्हणाला की उद्यापासून गाडी उशिरा येईल, तर तेही ती लिहून ठेवते. सांगणारा दूधवाला, ऐकलं, पडताळणी बाकी. दुसऱ्या दिवशी दूध खरंच उशिरा आलं की शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण. पंचाहत्तर वर्षांच्या बाईने दूधवाल्याची अशी उलटतपासणी करावी, याची भोपाळमधल्या आमच्या कोटरा सुल्तानाबाद वस्तीत पुष्कळ थट्टा झाली. सगळ्यांत जास्त मी केली. त्याच वहीत आता माझंही नाव आहे आणि ते तिथे कसं आलं हे सांगायचं तर मला माझीच लाज चव्हाट्यावर मांडावी लागणार.

मावशी नात्याने कोणी नाही. आईची मैत्रीण, मंदाकिनी पांढरीपांडे. छप्पन साली नागपूरच्या कचेऱ्या भोपाळला हलल्या तेव्हा तिचे वडील, सचिवालयातले कारकून, फायलींच्या मागोमाग बायकामुलं घेऊन इथे आले. ती तेव्हा सहा वर्षांची होती. तिचं आडनाव कुणाला धड पेललं नाही. शाळेत, ऑफिसात, बँकेत सगळे तिला 'पांडेजी' म्हणत आले आणि प्रत्येकाला तिने प्रत्येक वेळी दुरुस्त केलं. माझ्यासारखा माणूस दुसऱ्या खेपेलाच सोडून देतो. तिने सत्तर वर्षं सोडलं नाही. या एका गोष्टीवरून ती कोण आहे हे कुणालाही कळावं.

नोकरी तिने सांख्यिकी खात्यात केली. पण पंख्याखाली बसून बेरजा करण्याची नव्हे. महिन्यातले वीस दिवस खेड्यापाड्यांत जाऊन मोजायचं: घरं, गुरं, विहिरी, शाळेत जाणाऱ्या मुली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "अरे, घरी राहिले असते तर केलं असतं."

मी बारा वर्षांचा असताना तिने मला एक गोष्ट सांगितली होती. रायसेनकडच्या एका गावात विहिरी मोजायला गेली होती. ऊन फार होतं. गावच्या पटवाऱ्याने, म्हणजे तलाठ्याने, ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, चार विहिरी आहेत, चारींना पाणी आहे. तिने लिहून घेतलं, चार. महिन्याभराने त्याच रस्त्याने जाताना बायका दोन कोसांवरून डोक्यावर पाणी आणताना दिसल्या. चारांतल्या तीन विहिरी कोरड्या होत्या. तिच्या त्या 'चार'मुळे गावाचं नाव हातपंपाच्या यादीतून गळलं होतं. ती परत ऑफिसात गेली, आपल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी 'एक' लिहिलं, खाली सही केली. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. हातपंप दोन वर्षांनी आला. "खोडताना एकच रेघ मारायची," तिने मला बजावलं होतं. "जुनं खालून वाचता आलं पाहिजे. नाही तर चूक कुणाची ते कळत नाही." वहीतले ते चार रकाने त्यानंतरचे.

निवृत्तीनंतर बायका भजनी मंडळात जातात. मावशी कोपऱ्यावरच्या सरकारी माध्यमिक शाळेत गेली आणि मागची एक रिकामी खोली मागून घेतली. दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास वर्ग. नाव तिने काही ठेवलं नव्हतं, मुलंच त्याला 'पूछताछ क्लास' म्हणायला लागली. तेवीस पोरं, बरीचशी मंडीदीपच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांची. ती त्यांच्याकडून वस्तीतल्या नळांचं वेळापत्रक करून घ्यायची: कुठल्या गल्लीत किती वाजता पाणी आलं, कुणी पाहिलं. वर्तमानपत्रातला एखादा टक्क्यांचा मथळा कापून फळ्यावर डकवायची आणि पोरं त्यावर तुटून पडायची. किती जणांना विचारलं? कुठल्या मोहल्ल्यात? ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचं काय? सातवीतली स्नेहा त्यात सगळ्यांत तिखट. तिचे वडील साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला होते. त्यांनी भाजीचा आजचा भाव सांगितला तरी ती विचारायची, "पापा, आपने देखा या सुना?"

आता माझं. मी शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेत आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे फतवा निघाला की शाळांतून सांख्यिकी साक्षरता, डेटा साक्षरता आणि माहिती साक्षरता यांचा तुलनात्मक अभ्यास करायचा. काम माझ्या गळ्यात पडलं आणि खोटं कशाला बोलू, मला आवडलं. मी छानसा तक्ता केला. माहिती साक्षरता म्हणजे माहिती कुठून आली ते पारखणं. डेटा साक्षरता म्हणजे ती गोळा करणं, मांडणं. सांख्यिकी साक्षरता म्हणजे त्यातून काय म्हणता येतं ते ताडणं. तिन्हींचे रंग वेगळे. मावशीला दाखवला तेव्हा तिने चष्मा वर केला.

"एकाच पोळीचे तीन तुकडे करून तीन ताटांत वाढलेस," ती म्हणाली. "खाणाऱ्याला भूक एकच लागते रे."

"पण मावशी, मोजायचं तर वेगवेगळं करावं लागतं."

"मोज की. फक्त, यातून काय म्हणता येत नाही, ते कुठल्या ताटात घालशील?"

मी हसलो. म्हातारी बोलायला पक्की आहे असं घरी येऊन विनिताला, माझ्या बायकोला, सांगितलंदेखील.

मुलांची चाचणी घ्यायची होती. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. प्रश्न मी काढले होते. समितीने एका बैठकीत मंजूर केले, दिल्लीच्या परिसंवादात मी तो अभ्यास मांडणार हेही ठरलं. चार शाळांतल्या सहाशे मुलांची चाचणी घेऊन झाली आणि पाचवा गट म्हणून मी मावशीचा वर्ग घेतला. खरं सांगतो, तिचं भलं व्हावं म्हणूनच घेतला. मुख्याध्यापकांना ती खोली संगणकांसाठी हवी होती, त्यांची कुरकुर चालली होती. अहवालात वर्गाचं नाव चांगल्या गुणांनी आलं असतं तर खोली कायमची सुटली असती. मावशीला मी तसं म्हणालोही होतो. चाचणीच्या दिवशी ती मुद्दाम बाहेर व्हरांड्यात बसली. "मी आत असले तर पोरं माझ्या तोंडाकडे बघतील," म्हणाली.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मी ते तेवीस पेपर तपासायला घेतले. बाकीच्या शाळांचे पेपर ऑफिसातल्या मुलांनी उत्तरसूचीशी ताडून उरकले होते. हे मी स्वतः घेतले, कौतुकाने. पहिल्या पेपरात सातव्या प्रश्नाच्या एकाही पर्यायावर खूण नव्हती. दुसऱ्यातही. तिसरा पेपर स्नेहाचा.

सातवा प्रश्न असा होता: एका शाळेत साठ टक्के मुलांना गणित आवडतं, दुसरीत पंचाहत्तर टक्के. गणित आवडणारी मुलं कोणत्या शाळेत जास्त आहेत? माझ्या उत्तरसूचीत लिहिलं होतं, दुसऱ्या. स्नेहाने चारही पर्याय सोडून समासात शिसपेन्सिलीने लिहिलं होतं: "दोनों स्कूल में कुल कितने बच्चे हैं?"

मी तो प्रश्न दोनदा वाचला. पहिल्या शाळेत हजार मुलं असली आणि दुसरीत शंभर, तर? प्रश्नच चुकला होता. पुढे बाराव्यात, औषध घेऊन दहातले आठ बरे झाले, औषध गुणकारी आहे का, तिथे तिने लिहिलं होतं, "बिना दवा के कितने ठीक हुए?" पंधराव्यात नुसतं, "किससे पूछा?" इतर पोरांच्याही समासांत हेच, वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या शुद्धलेखनात. वीसपैकी सहा प्रश्नांना त्या मुलांनी उत्तर द्यायचं नाकारलं होतं आणि सहाच्या सहा ठिकाणी त्यांचं बरोबर होतं.

मी काय करायला हवं होतं हे मला त्याच क्षणी कळलं. उगाच नंतर कळल्याचा आव आणत नाही. पेपर बाजूला ठेवून समितीला कळवायचं, की चाचणी सदोष आहे, सहाशे मुलांचे गुण पुन्हा बघावे लागतील. पण मग प्रश्न काढणारा मी, दिल्लीला जाणारा मी, रंगीत तक्ता करणारा मी, सगळे एकदम उघडे पडत होतो. मी उठून पाणी प्यायलो. परत येऊन बसलो. आणि त्या सहा प्रश्नांना तेवीसही पेपरांत लाल पेनाने शून्य दिलं. उत्तर नाही, गुण नाही. नियम तो नियम.

मार्चमध्ये अहवाल गेला. पाच गटांत मावशीच्या वर्गाची सरासरी सगळ्यांत कमी. आमचे संचालक शैलेंद्र सर म्हणाले, "उदयजी, आपके मोहल्ले का ही गट पीछे रह गया!" मीही हसलो. अहवालात वाक्य होतं, 'सदर उपक्रमाचा अपेक्षित परिणाम दिसून येत नाही.' ते वाक्यही माझंच. मुख्याध्यापकांनी ते प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवलं, असं मागाहून कळलं. जुलैत खोलीत संगणक आले आणि मावशीचा वर्ग बंद झाला.

तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "ते पेपर बघायला मिळतील का रे? पोरांचं कुठे चुकलं ते बघीन म्हणते. माझंच काही शिकवायचं राहिलं असेल." मी म्हणालो, पेपर ऑफिसात जमा झाले. ते माझ्या कपाटात होते, स्वेटरांच्या खाली. त्यानंतर मी तिच्या घरावरून जायचं टाळायला लागलो. भाजी आणायची तर उलट्या बाजूने वळसा. पंचेचाळिशीच्या माणसाने म्हातारीला चुकवत गल्लीबोळांतून फिरायचं, कसं दिसत असेल!

दिवाळीच्या साफसफाईत विनिताला गठ्ठा सापडला. तिने पलंगावर बसून सगळे पेपर वाचले आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मग म्हणाली, "या मुलांनी तुमचीच परीक्षा घेतली की. मावशींना दाखवलेत?" रविवारी सकाळी गठ्ठा पिशवीत घालून मावशीकडे गेलो.

ती वाटाणे सोलत होती. पेपर म्हटल्यावर हात पुसून तिने चष्मा लावला आणि एकेक पेपर दोन्ही हातांत धरून वाचायला लागली. तिचा चेहरा उजळत गेला. स्नेहाच्या पेपराशी ती मोठ्याने हसली. "बघ, बघ काय विचारते कार्टी! बिना दवा के!" मग पेन्सिल घेऊन प्रत्येक समासातल्या प्रश्नापुढे तिने बरोबरची खूण केली. तेवीस पेपर, एकही वगळला नाही. आठ महिने त्या बाईला वाटत होतं की आपण शिकवण्यात कमी पडलो. आठ महिने. मला तिथे बसवेना.

शेवटचा पेपर खाली ठेवून तिने विचारलं, "हे तुला कधी दिसलं? अहवाल देण्याआधी की नंतर?"

तिने सरळ विचारलं होतं, आवाजात काही नव्हतं. आणि मी म्हणालो, "नंतर, मावशी. आत्ता दिवाळीत, विनिताने काढले तेव्हा."

"असं होय," ती म्हणाली. वही ओढून लिहिलं: उदयला मुलांचे प्रश्न अहवालानंतर दिसले. सांगणारा: उदय. ऐकलं. चौथा रकाना तिने कोरा ठेवला. 'बाकी'सुद्धा लिहिलं नाही. मग मला ताटलीत करंज्या दिल्या आणि मी त्या खाल्ल्या.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. ऑफिसात समोर पेपर आला की मला तो कोरा रकाना दिसे. पुढच्या रविवारी मी परत गेलो आणि चप्पल काढायच्या आधी, दारातच म्हणालो, "मावशी, आधी. तपासतानाच दिसलं होतं. प्रश्न माझे चुकले होते म्हणून शून्य दिलं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "ये आत."

तिने गठ्ठ्यातला वरचा पेपर काढला आणि सातव्या प्रश्नावर बोट ठेवलं. माझं लाल शून्य समासात नेहमीच्या जागी नव्हतं. स्नेहाचं अक्षर संपतं तिथून पुढे, नीट अंग चोरून, रेघेच्या टोकाला काढलेलं. दुसऱ्या पेपरात पोराने दोन ओळी लिहिल्या होत्या, तिथे शून्य दोन ओळी खाली सरकलेलं. तेवीसही पेपरांत एक शून्य कुठल्या अक्षरावर चढलं नव्हतं. "न वाचणारा माणूस कुठेही शून्य देतो," मावशी म्हणाली. "तू जागा सोडून दिलंस. तुला पोरांच्या अक्षरावर लिहवलं नाही. ते मला मागच्या रविवारीच दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्या वहीत सांगणारा तू होतास. मी कशी खोडू?"

तिने वही माझ्यापुढे सरकवली. मी 'अहवालानंतर'वर एक रेघ मारली, शेजारी 'अहवालाआधी' लिहिलं आणि सही केली. मला मोठ्याने रडावंसं वाटलं आणि थोडा रडलोही. तिने माझी सही वाचून पाहिली. मग म्हणाली, "हे घरातलं झालं. तिकडच्या कागदावर रेघ कोण मारणार?"

सोमवारी मी लेखी दिलं. सहा प्रश्न सदोष, चूक माझी, निष्कर्ष मागे घ्यावा. शैलेंद्र सरांनी वाचून दार लावून घेतलं आणि बराच वेळ बोलले. त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही. दिल्ली रद्द झाली, ते ठीकच. अहवालाला एक शुद्धिपत्र जोडलं गेलं, जे कुणी वाचत नाही. खोली परत मिळाली नाही. संगणक आता तिथून कोण उचलणार? शिक्का मारलेली पत्राची प्रत मी मावशीला दाखवली. तिने वहीतला कोरा रकाना भरला आणि म्हणाली, "आता पोरांना सांग. मी नाही सांगणार, तू सांग. स्नेहापासून सुरुवात कर."

स्नेहा आता आठवीत आहे. शाळा सुटायच्या वेळी मी फाटकाशी उभा राहिलो. तिचा पेपर नेला होता. मी तिला म्हणालो, की बेटा, सातवा, बारावा, पंधरावा, सगळे प्रश्न माझे चुकले होते, तुझं बरोबर होतं, सर की गलती थी। तिने पेपर हातात घेतला, मावशीच्या पेन्सिलीची खूण बघितली, माझं शून्य बघितलं. मला वाटलं होतं ती खूश होईल, निदान चिडेल तरी.

"कोई बात नहीं, सर," ती मलाच धीर देत म्हणाली. "अब मैं खाली नहीं छोड़ती। समझ में न आए तो भी कहीं टिक कर देती हूँ। नंबर आ जाते हैं।"

"और पूछती नहीं?"

"पूछने से ज़ीरो मिलता है न." तिने पेपर घडी करून मला परत दिला, नमस्ते केलं आणि मैत्रिणींच्या मागे पळत गेली.

मी तसाच मावशीकडे गेलो. काय म्हणाली, असं तिने विचारलं. मग तिने वही आणि पेन्सिल पुढे केली. मी लिहिलं: स्नेहा आता प्रश्न विचारत नाही. सांगणारा: उदय. तिसऱ्या रकान्यापाशी थांबलो. तिच्या तोंडून ऐकलं होतं, पण तिने घडी करून परत दिलेला पेपर माझ्या हातात होता. मग लिहिलं, पाहिलं.